जळलेल्या नाट्यगृहातील चित्रशाळा

भाईंदरजवळील डोंगरी-उत्तनच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की काळे खडक उघडे पडतात. काठावर बसलेल्या मुलांना त्यांत कधी सुसर दिसते, तर कधी फेटा बांधलेला म्हातारा दिसतो. मोठी माणसे हसून म्हणतात, "अरे, तो नुसता खडक आहे!" असाच खेळ स्पेन देशाच्या समुद्रकाठी एक मुलगा खेळत असे. मोठेपणीही त्याने तो सोडला नाही.

त्याचे नाव साल्वादोर दाली. 11 मे 1904 रोजी ईशान्य स्पेनमधील फिगेरेस या गावी त्याचा जन्म झाला. सुट्टीत त्याचे कुटुंब जवळच्या काडाकेस या कोळ्यांच्या गावी जाऊन राही. तेथील वाऱ्याने झिजलेल्या कड्यांत त्याला प्राण्यांचे आणि माणसांचे आकार दिसत. पुढे 1924 साली पॅरिसमध्ये अतिवास्तववाद नावाचा पंथ उदयास आला. स्वप्नात ज्याप्रमाणे एकमेकींशी न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी येतात, त्याप्रमाणे त्या कलेतही याव्यात, असे या पंथाचे म्हणणे होते. 1929 साली दाली या पंथात सामील झाला. त्याच्या 1931 सालच्या एका चित्रात घड्याळे वितळून ओघळताना दिसतात. ते चित्र आज न्यूयॉर्कमध्ये आहे. पण त्या घड्याळांच्या मागे उभे आहेत ते त्याच्या लहानपणचे कडेच.

फिगेरेसमध्ये एक जुने नाट्यगृह होते. वयाच्या चौदाव्या वर्षी दालीची चित्रे प्रथम लोकांपुढे आली ती तेथेच. नाट्यगृहासमोरच्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. ते संपता संपता, 1939 साली, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. उरल्या त्या काळवंडलेल्या भिंती. कित्येक वर्षे त्या तशाच उभ्या होत्या.

दाली जगप्रसिद्ध झाल्यावर गावच्या नगराध्यक्षांनी त्याच्याकडे एक चित्र मागितले. दालीने संपूर्ण संग्रहालयच देऊ केले! त्यासाठी त्याने कोणताही राजवाडा मागितला नाही. त्याने तीच जळकी वास्तू निवडली. जेथे इतरांना भग्न भिंती दिसत होत्या, तेथे त्याला चित्रशाळा दिसली. मोठ्या खटपटीनंतर 28 सप्टेंबर 1974 रोजी तिचे दार उघडले.

आज तेथे जाणारा प्रवासी दारापाशीच थबकतो. तांबड्या भिंतीवर पावांच्या आकृती जडवल्या आहेत आणि माथ्यावर प्रचंड पांढरी अंडी मांडली आहेत. अंगणात एक मोटार उभी आहे. पाऊस पडला तर माणसे मोटारीत शिरतात. येथे मात्र नाणे टाकले की मोटारीच्या आतच पाऊस पडू लागतो. एका दालनात कोच, शेकोटी, दोन चित्रे आणि पडदे एवढेच दिसते. परंतु पायऱ्या चढून भिंगातून पाहावे, तो कोचाचे ओठ होतात, शेकोटीचे नाक, चित्रांचे डोळे आणि पडद्यांचे केस! एका भव्य चित्रात खिडकीतून समुद्राकडे पाहणारी पाठमोरी स्त्री आहे. तेच चित्र सुमारे 20 मीटर अंतरावरून पाहिले, तर अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा चेहरा प्रकट होतो.

हे सारे केवळ गंमतीचे खेळ आहेत काय? तसे वाटणाऱ्याने 1945 सालच्या एका लहान चित्रापुढे उभे राहावे. काळोख्या पार्श्वभूमीवर एक टोपली आणि तीत पावाचा एक तुकडा. दुसरे काही नाही. पण त्या तुकड्याचा खरखरीतपणा बोटांना जाणवावा, इतके ते हुबेहूब आहे. दालीच्याच सांगण्याप्रमाणे, त्यासाठी तो दोन महिने रोज चार तास खपला होता. पावाचा साधा तुकडा ज्याने इतक्या चिकाटीने पाहिला, त्यालाच घड्याळ वितळवण्याचा अधिकार मिळाला.

या कलावंताचा भारताशीही एक मौजेचा संबंध आला. 1967 साली एअर इंडियाने त्याच्याकडून एक रक्षापात्र घडवून घेतले. त्यावरील हंस उलटा करून पाहिला की हत्तीचे मस्तक दिसे! मोबदला म्हणून दालीने पैसे न मागता हत्तीचे पिल्लू मागितले आणि ते खरोखरच विमानाने त्याच्याकडे रवाना झाले.

23 जानेवारी 1989 रोजी दालीचे निधन झाले. नाट्यगृहात पूर्वी जेथे रंगमंच होता, त्याखाली त्याला चिरविश्रांती देण्यात आली. वर काचेचा घुमट आहे आणि त्याखालून देशोदेशीचे प्रेक्षक ये-जा करतात. त्यांत लहान मुलेही असतात. एखादे मूल चित्रापुढून दूर जाते, पुन्हा जवळ येते आणि आईचा हात ओढून म्हणते, "इथून बघ!"

डोंगरीच्या खडकांवर बसलेली मुलेही एकमेकांना तेच सांगत असतात.

शब्दार्थ : यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध. भग्न – मोडकळीस आलेले. पाठमोरी – पाठ आपल्याकडे असलेली. रक्षापात्र – विडी-सिगारेटची राख टाकण्याचे भांडे.

स्वाध्याय
1. दालीने संग्रहालयासाठी जळके नाट्यगृहच का निवडले असावे?
2. पावाच्या चित्रावरून दालीच्या स्वभावाविषयी काय कळते?
3. तुमच्या परिसरातील एखादा खडक, ढग किंवा जुनी भिंत निरखून पाहा. तीत काय दिसले, ते आठ-दहा ओळींत लिहा.