दाहाचा सांगावा

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. या दाहामागे पेशींची परस्परांतील निरोपानिरोपी असते. १९८७ साली शोध लागलेले 'इंटरल्यूकिन-८' हे प्रथिन असाच एक निरोप होय. त्याचे जनुक मानवाच्या चौथ्या गुणसूत्रावर असून एरवी ते जवळजवळ निद्रिस्त असते. जंतूंची चाहूल लागताच पेशीतील 'एनएफ-कप्पा-बी' हा घटक त्याला जागे करतो आणि प्रथिन तयार होऊन आसपास पसरते. त्याचे प्रमाण जखमेपाशी सर्वाधिक असते. या चढत्या प्रमाणाचा माग काढीत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून तेथे पोहोचतात व जंतूंना गिळतात. मात्र काम संपल्यावरही हा निरोप थांबला नाही, तर याच रक्षक पेशींच्या विकरांमुळे निरोगी ऊतींची हानी होते.