कर्करोग-चिकित्साकालीन अरुची : चिकित्सासूत्र व सावधानता

केमोथेरपी अथवा रेडिओथेरपी चालू असताना "तोंडाला चव नाही, घास मातीसारखा लागतो" अशी तक्रार घेऊन अनेक रुग्ण वैद्याकडे येतात. तक्रार सामान्य भासली तरी तिचा परिणाम सामान्य नसतो. आहार घटतो, वजन उतरते, बलक्षय होतो आणि क्वचित ठरलेली चिकित्सा मध्येच थांबवावी लागते. म्हणून या अरुचीचा स्वतंत्र विचार करणे इष्ट ठरते.

संप्राप्ती : जिव्हास्थित बोधक कफ रसज्ञान घडवितो, असे वाग्भटाचार्य सांगतात. आधुनिक शास्त्रानुसार रसांकुरांतील पेशी साधारणतः १० ते १४ दिवसांत नव्याने निर्माण होतात. शीघ्र विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करणारी औषधे व किरणे या नवनिर्मितीत बाधा आणतात. सिस्प्लाटिनसारख्या औषधांनी तोंडास धातूची चव येते. मुख व कंठ यांवरील किरणचिकित्सेत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रुची मंदावते व लालास्रावही घटतो. रसद्रव्य लाळेत विरघळल्याशिवाय त्याचे ज्ञान होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

परीक्षण : प्रथम मुख उघडून पाहावे. व्रण, लालिमा, शुष्कता आणि पांढरा थर यांची नोंद करावी. पुसला असता निघणारा पांढरा थर बुरशीसंसर्गाचा असू शकतो. अशा रुग्णास त्याच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रत्येक भेटीत वजन लिहून ठेवावे.

उपक्रम : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अरोचकाचा स्वतंत्र अध्याय आहे. अरोचकात कवलधारणास महत्त्व आहेच. मात्र या रुग्णात ते सौम्य असावे. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा प्रत्येकी १ लहान चमचा घालून जेवणापूर्वी चूळ भरावी व थुंकून टाकावी. धातूची चव असल्यास स्टीलऐवजी लाकडी वा प्लॅस्टिकचा चमचा वापरावा आणि अन्न गार करून द्यावे. मांस कडू लागत असल्यास मुगाचे वरण, पनीर, पूर्ण उकडलेले अंडे यांतून प्रथिने पुरवावीत. व्रण नसतील तरच लिंबू वा आमसूल यांचा आंबटपणा उपयोगी पडतो. व्रण असतील तर अम्ल, कटू व लवण रस वर्ज्य करून मऊ भात-तूप, खीर, पेज असा मधुर-स्निग्ध आहार द्यावा. आहार अल्प प्रमाणात, दिवसातून ५-६ वेळा असावा.

सावधानता : नेहमीच्या अरुचीत आपला हात सहज त्रिकटु, सितोपलादी, तालीसादी वा हिंग्वाष्टक चूर्णाकडे जातो. येथे तो आवरावा. या कल्पांत पिप्पली, मरिच यांपैकी एक वा दोन्ही द्रव्ये असतात. त्यांतील पायपरीन काही औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे कार्य मंदावते. त्यामुळे डोसेटॅक्सेलसारख्या औषधाची रक्तातील मात्रा वाढण्याची शक्यता असते. शिवाय मुखपाकात तीक्ष्ण द्रव्य दाह वाढविते. सिस्प्लाटिन वृक्कांवर ताण आणत असल्याने त्यासोबत रसकल्प देऊ नयेत. कोणतेही आभ्यंतर औषध कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीनेच द्यावे व त्याची लेखी नोंद रुग्णाजवळ असावी. श्वेतकण घटलेल्या काळात कच्च्या पालेभाज्या, उघड्यावरचा रस व न तापविलेले दूध टाळावे. ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ज्वर आल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठण्यास सांगावे.

औषधालय-चालकांस सूचना : रुचिवर्धक चूर्ण वा पाचक गोळ्या मागणाऱ्यास "सध्या कोणती मोठी चिकित्सा चालू आहे काय?" हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याच्या पत्राशिवाय औषध देऊ नये.

साध्यासाध्यता : केमोथेरपीनंतर बहुतेकांची चव काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. किरणचिकित्सेनंतर अधिक काळ लागतो आणि काहींची मुखशुष्कता टिकून राहते. ही माहिती रुग्णास व आप्तांस आरंभीच द्यावी. "मुद्दाम जेवत नाही" हा घरातील गैरसमज त्यामुळे दूर होतो आणि आग्रहाऐवजी रुग्णाला रुचेल ते अन्न पानात पडते. वजन टिकविणे व चालू चिकित्सा निर्विघ्न पार पडू देणे, हेच या काळातील वैद्याचे प्रमुख कर्तव्य होय.