योगक्षेम आणि एक अर्ज

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

इथे भगवंत भक्ताच्या योगक्षेमाची जबाबदारी स्वतःवर घेतात. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते टिकणं.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज मी चार महिने अर्धवट ठेवला होता. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, त्यात ठराविक मर्यादेत थेरपीही. पण मी म्हणायचे, “आपलं भागतंय, गरजूंना मिळू दे. आणि देव आहे ना!”

भागत मात्र नव्हतं. खर्चापायी थेरपी आठवड्याला तीनवरून दोन दिवसांवर आली होती. खरं कारण वेगळंच होतं : दिव्यांगत्वाच्या रकान्यात त्याचं नाव लिहायला हात धजत नव्हता.

परवा हा श्लोक वाचताना थबकले. भगवंतांनी अर्जुनाचं सारथ्य केलं, पण धनुष्य त्यालाच उचलावं लागलं. आणि ही योजना दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही खुली आहे. मी कोणाचा घास हिरावत नव्हते. उलट क्षेम मुलाचं होतं, संकोच माझा. माझ्या संकोचाची किंमत तो का मोजेल?

काल अर्ज पूर्ण केला. रकाना भरताना डोळे भरून आले, पण तो माझ्यासाठी तोच राहिला, माझा कान्हा.

आज स्वतःला विचारूया : श्रद्धेच्या नावाखाली मी कुठलं धनुष्य खाली ठेवलंय?

हरि ॐ तत्सत्.