जास्त प्रायॉरिटीचा राउटर मागेच का राहतो?

प्रश्न : लॅबमध्ये तीन राउटर एका स्विचला जोडून ओएसपीएफ चालू केलं. थोड्या वेळाने चौथा राउटर जोडला आणि त्याला प्रायॉरिटी २०० दिली. बाकीच्यांची १ होती. तरी तो डीआर झाला नाही. मग प्रायॉरिटी द्यायची तरी कशाला? आणि ही निवडणूक घेतं कोण?
– नेटवर्किंग शिकणारा एक विद्यार्थी

उत्तर : राउटरमध्ये दोष नाही आणि तुमची कमांडही चुकलेली नाही. ओएसपीएफमध्ये प्रायॉरिटी विचारात घेतली जाते ती जागा रिकामी असताना. बसलेल्याला उठवायला ती उपयोगी पडत नाही.

डीआर, म्हणजे डेझिग्नेटेड राउटर, मुळात लागतो कशाला? ओएसपीएफसारख्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर आपल्या लिंकची माहिती इतरांना कळवतो. त्यातून सगळ्यांकडे नेटवर्कचा सारखाच नकाशा तयार होतो आणि डायक्स्ट्राच्या पद्धतीने जो तो आपापले रस्ते काढतो. नकाशे जुळते राहावेत म्हणून शेजारचे राउटर एकमेकांचे डेटाबेस ताडून घेतात. या नात्याला अ‍ॅडजसन्सी म्हणतात. एका स्विचवर दहा राउटर असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी अ‍ॅडजसन्सी जोडली, तर ४५ जोड्या होतील. वीस राउटर असतील तर १९०. एक लिंक पडली की तीच बातमी सगळे सगळ्यांना सांगत बसणार. डीआर आणि त्याचा बदली, म्हणजे बॅकअप डीआर किंवा बीडीआर, ठरले की बाकीचे फक्त या दोघांशी अ‍ॅडजसन्सी करतात. दहा राउटरना मग १७ जोड्या पुरतात. ज्याच्याकडे बातमी असेल तो ती २२४.०.०.६ या मल्टिकास्ट पत्त्यावर टाकतो. तिथे फक्त डीआर आणि बीडीआर ऐकत असतात. डीआर ती २२४.०.०.५ वर सर्वांना ऐकवतो.

आता निवडणूक कोण घेतं? कोणीच नाही. मतदान नाही, मतमोजणी नाही. इथरनेटवर प्रत्येक राउटर दर १० सेकंदांनी हॅलो पॅकेट पाठवतो. त्यात त्याची राउटर आयडी, त्याची प्रायॉरिटी आणि त्याच्या मते सध्या डीआर व बीडीआर कोण, हे लिहिलेलं असतं. सगळ्यांच्या हाती तीच माहिती आणि सगळ्यांना नियमही तोच, म्हणून प्रत्येकाने घरबसल्या हिशेब केला तरी उत्तर एकच येतं.

या नियमाची गंमत म्हणजे त्यात आधी बीडीआर ठरतो, डीआर नंतर. स्वतःला डीआर म्हणवणाऱ्यांना बाजूला ठेवायचं. उरलेल्यांत कोणी आधीच ‘मी बीडीआर’ म्हणत असेल तर फक्त त्यांच्यातून निवडायचं, नाहीतर सर्वांतून. ज्याची प्रायॉरिटी जास्त तो बीडीआर. बरोबरी झाली तर मोठी राउटर आयडी जिंकते. मग डीआर. स्वतःला डीआर म्हणवणारा कोणी असेल तर जागा त्याची. कोणीच नसेल तर बीडीआरला बढती, आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी पुन्हा हिशेब. प्रायॉरिटी ० असलेला राउटर यात कुठेच धरला जात नाही.

हाच नियम तुमच्या लॅबला लावून पाहा. समजा, अ, ब, क या राउटरच्या आयडी १.१.१.१, २.२.२.२ आणि ३.३.३.३ आहेत आणि ते एकदमच चालू झाले. सुरुवातीला प्रत्येक जण ४० सेकंदांपर्यंत स्वतः दावा न करता इतरांचे हॅलो ऐकतो. या वेळात कोणीच दावा केला नाही, म्हणून मोठ्या आयडीमुळे क डीआर झाला आणि ब बीडीआर. नंतर २०० प्रायॉरिटीचा ड आला. त्यानेही आधी ऐकलं, तर दोन्ही जागांवर दावेदार बसलेले! तो निमूटपणे साधा सदस्य झाला. अ वर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ दिलंत तर क समोर ‘फुल/डीआर’, ब समोर ‘फुल/बीडीआर’ आणि ड समोर ‘टू-वे/डीआरअदर’ दिसेल. हा ‘टू-वे’ पाहून नवशिके घाबरतात, पण दोन साध्या सदस्यांनी तिथेच थांबायचं असतं.

आता क चा वीजपुरवठा काढा. ४० सेकंद त्याचा हॅलो आला नाही की बाकीचे त्याला गेलेला समजतात. ब डीआर होतो आणि बीडीआरच्या रिकाम्या जागेवर ड बसतो. प्रायॉरिटी कामाला आली ती इथे. क परत आला तरी साधा सदस्यच राहतो. पुढे ब बंद पडला की ड डीआर होतो.

सरपंच निवडून आल्यावर गावात जास्त शिकलेला माणूस राहायला आला, म्हणून कोणी सरपंच बदलत नाही. ओएसपीएफचं धोरण तेच. डीआर बदलला की नव्या डीआरला त्या स्विचवरच्या नेटवर्कची माहिती देणारा संदेश (एलएसए) नव्याने काढावा लागतो आणि सगळ्यांना रस्ते पुन्हा मोजावे लागतात. जॉन मॉय यांनी लिहिलेल्या १९९८ च्या आरएफसी २३२८ या ओएसपीएफच्या मानकात हा व्यवहार उघड मांडलेला आहे : डीआर कोण होईल हे आधी सांगणं कठीण होतं, पण तो वरचेवर बदलत नाही. बीडीआर आधीपासून ठेवण्यामागेही हाच विचार आहे. त्याच्या अ‍ॅडजसन्सी तयारच असतात, त्यामुळे डीआर पडला तरी नव्याने जुळवाजुळव करावी लागत नाही.

डीआरची कल्पना ओएसपीएफने आयएस-आयएस या प्रोटोकॉलकडून घेतली. तिथे मात्र जास्त प्रायॉरिटीचा राउटर आला की जुन्याला लगेच उठावं लागतं, आणि बदलीही कोणी नसतो. ते परवडतं, कारण तिथे सगळे सगळ्यांशी अ‍ॅडजसन्सी ठेवतात आणि निवडलेला राउटर साधारण दर १० सेकंदांनी डेटाबेसची यादी सर्वांना पाठवत राहतो. माणूस बदलला तरी फारसं काही मोडत नाही.

आणखी दोन गैरसमज काढून टाका. सगळा डेटा डीआरमधून जातो, असं नाही. त्याच्याकडे फक्त राउटिंगची बातमी पोचवण्याचं काम असतं. पॅकेट आपल्या जवळच्या रस्त्यानेच जातात. आणि प्रायॉरिटी इंटरफेसला दिलेली असते, अख्ख्या राउटरला नाही. त्यामुळे एका स्विचवर डीआर असलेला राउटर दुसऱ्या स्विचवर साधा सदस्य असू शकतो.

खऱ्या नेटवर्कमध्ये आयडीच्या भरवशावर राहू नका. नाहीतर एखादा जुना, कमी ताकदीचा राउटर केवळ आधी चालू झाला म्हणून डीआर होऊन बसतो. दोन दणकट राउटर निवडून त्यांना मोठी प्रायॉरिटी द्या आणि ज्यांनी डीआर होऊच नये त्यांना ० द्या. मात्र सगळ्यांनाच ० देऊ नका. मग डीआर उरत नाही आणि अ‍ॅडजसन्सीही होत नाहीत. स्विचवर दोनच राउटर असतील तर इंटरफेस ‘पॉइंट-टू-पॉइंट’ करा. निवडणूक आणि ती ४० सेकंदांची प्रतीक्षा, दोन्ही टळतील. लॅबमध्ये निकाल लगेच बदलायचा असेल तर डीआर आणि बीडीआरवरची ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर करा. चालू नेटवर्कवर हे भर दुपारी करू नका.