बटण, मॅक्रो आणि गुणांची मोजणी

पडद्यावरील बटण दाबताच दुसरी स्लाइड यावी, एवढे काम साध्या दुव्यानेही होते. परंतु उत्तर बरोबर आल्यास गुण वाढावा, हे दुव्याला साधत नाही. कारण गुण लक्षात ठेवण्याची सोय त्याच्याजवळ नसते. तेथे मॅक्रो उपयोगी पडतो. एका नावाखाली लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेस मॅक्रो म्हणतात. पॉवरपॉइंटमध्ये त्या ‘व्हिज्युअल बेसिक’ भाषेत लिहितात.

समजा, प्रश्नाखाली उत्तरांची तीन बटणे आहेत. बरोबर उत्तराच्या बटणास जोडलेला मॅक्रो ‘गुण’ या चलात एक मिळवितो व पुढील स्लाइड दाखवितो. चुकीच्या उत्तरांचा मॅक्रो गुण न वाढविता पुढे जातो.

आता पहिल्या विद्यार्थ्याने पाचपैकी चार गुण मिळविले आणि दुसरा विद्यार्थी पुढे आला. त्याचे पहिलेच उत्तर बरोबर येताच गुणांची बेरीज पाच होते! ही यंत्राची चूक नव्हे. विद्यार्थी बदलला, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून ‘आरंभ’ या बटणास गुण शून्यावर आणणारा मॅक्रो जोडणे अगत्याचे असते. फाइलही मॅक्रो-सक्षम प्रकारातच जतन करावी. एरवी मॅक्रो तीत राहत नाहीत.

मॅक्रो दिलेली आज्ञा पाळतो. तिचा हेतू तपासत नाही. १९९९ साली ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलींतील मॅक्रोमधूनच जगभर पसरला. यास्तव अपरिचिताकडून आलेल्या फाइलीतील मॅक्रो कधीही चालू करू नयेत.