जुगाराचा हिशेब : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी एक पाठटाचण

जुगार वाईट, हे मुलांना सांगावे लागत नाही. द्यूतात पांडवांचे राज्य गेले, नलराजास वनवास घडला, या कथा त्यांनी घरी ऐकलेल्या असतात. तरीही त्यांतील काही मुले मोठेपणी जुगाराच्या नादी लागतात. याचे एक कारण असे की, उपदेशाने जुगाराचा निषेध होतो. पण पैसा नेमका कोणत्या वाटेने जातो हे त्यातून उमगत नाही. खेळणारा प्रत्येक जण मनाशी म्हणत असतो, ‘हरले ते दुर्दैवी, माझे नशीब निराळे.’ ही समजूत उपदेशाने हटत नाही, बेरीज-वजाबाकीने हटते. म्हणून हा विषय शिक्षकांनी गणिताच्या तासास घ्यावा, अशी या लेखाची सूचना आहे.

पाठ केव्हा घ्यावा

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूरचे उदाहरण घेऊ. नीरा व भीमा या नद्यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास वसलेले हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र. वैशाख शुद्ध चतुर्दशीस नृसिंहजयंतीचा उत्सव होतो व दूरदूरचे भाविक येतात. भोवतालचा मुलूख उसाचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यास पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत शेतकऱ्यास मिळावयास हवी. म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा पैसा एकदम हाती येतो.

यात्रा, सण आणि एकरकमी पैसा हे तिन्ही योग प्रत्येक गावाच्या वाट्यास येतात, आणि जुगार चालविणारा हेच दिवस हेरून असतो. नृसिंहजयंती बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत येते. दिवाळीही सुटीतच येते. तेव्हा हा पाठ एकदा दिवाळीपूर्वी व एकदा वार्षिक परीक्षेपूर्वी घ्यावा. आपल्या गावचे असे दिवस कोणते, हे ज्या त्या शिक्षकाने पाहून ठेवावे.

शिक्षकासाठी माहिती

महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक असलेला जुगार म्हणजे मटका. त्याचा उगम कापसाच्या बाजारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता व मिटता भाव तारयंत्राने मुंबईस येई आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येण्याचे बंद झाले. व्यापाराचे निमित्त संपले, तरी पैजा थांबल्या नाहीत. चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मातीच्या मटक्यात घालावयाच्या व त्यांतून आकडा काढावयाचा, अशी युक्ती निघाली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीस व १९६४ साली रतन खत्री यांनी असे मटके सुरू केले. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. मुंबईच्या गिरणगावातून हा खेळ गावोगाव पसरला. कापूस गेला, भाव गेला. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे दोन शब्द आणि आकडा तेवढे उरले.

मटक्याची रूढ रीत अशी की, शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावावा आणि तो आकडा निघाल्यास नऊ रुपये मिळावेत. आकडे दहा, देणे नऊ पट. जुगाराचे सारे मर्म या एका रुपयाच्या फरकात आहे, आणि तेच मुलांस दाखवावयाचे आहे.

साहित्य व मांडणी

एक लहान मडके, ० ते ९ आकडे लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या, २०० चिंचोके व एक परडी. नाणी किंवा खाऊ वापरू नये. चिंचोके खेळ संपताच परत घ्यावेत व जिंकणाऱ्यास बक्षीस देऊ नये. दहा मुलांस पुढे बसवून प्रत्येकास २० चिंचोके व एकेक आकडा द्यावा. एक मूल मटकेवाला होईल व परडी सांभाळील. उरलेल्या मुलांनी वहीत नोंद ठेवावी.

विषयप्रतिपादन

प्रत्येक सोडतीस दहाही मुलांनी एकेक चिंचोका पुढे ठेवावा. मटकेवाल्याने मडके हलवून एक चिठ्ठी काढावी. ज्याचा आकडा निघेल त्यास नऊ चिंचोके द्यावेत व उरलेला एक परडीत टाकावा. चिठ्ठी मडक्यात परत घालूनच पुढची सोडत काढावी. अशा २० सोडती कराव्यात.

मुले रंगून जातील. जिंकणारा उडी मारील, बाकीचे हळहळतील. शिक्षकाने त्यांस थांबवू नये. हा रंगच पुढे दाखवावयाचा आहे. विसाव्या सोडतीनंतर सर्वांचे चिंचोके मोजून फळ्यावर पुढीलप्रमाणे लिहावे :

आरंभी मुलांकडे — २००
अखेरीस मुलांकडे — १८०
परडीत — २०

खेळ कितीही वेळा केला, आकडे कोणतेही निघाले, तरी हा हिशेब बदलणार नाही. कोणाचे नशीब उघडले याच्याशी परडीचा संबंध नाही. दर सोडतीस तिच्यात एक चिंचोका पडतोच. ‘या खेळात कधीच न हरणारा कोण?’ असा प्रश्न विचारावा व उत्तर मुलांकडूनच वदवून घ्यावे.

आता प्रत्येक मुलाचा हिशेब घ्यावा. एकदाही न जिंकलेल्याकडे काही उरले नाही. एकदा जिंकलेल्याकडे ९ व दोनदा जिंकलेल्याकडे १८ उरले. येथे थांबून विचारावे, ‘दोनदा जिंकलेला जिंकला की हरला?’ बहुतेक मुले प्रथम ‘जिंकला’ म्हणतील. मग २० मधून १८ वजा करतील. २० सोडती व दहा मुले, म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्यास दोनच विजय येतात. याचा अर्थ असा की, ज्याला सर्वसाधारण नशीब लाभले तोही दोन चिंचोके घालवून बसला. पण त्याच्या मनात दोन विजय ठसलेले असतात, आणि अठरा वेळा गेलेला एकेक चिंचोका तो विसरलेला असतो. जुगारी माणूस खोटे बोलतो असे नाही. त्याची आठवणच असा एकतर्फी हिशेब ठेवते.

एखादे मूल तीन-चारदा जिंकून पुढे गेलेले असेल. ते झाकू नये. त्याचे जादा चिंचोके कोठून आले, हे विचारावे. ते शेजारच्या मुलांचे आहेत, मटकेवाल्याचे नाहीत, हे फळ्यावरील आकड्यांवरून सहज दिसते.

तुलना व सामान्यीकरण

पहिली गोष्ट : नोंदवहीत पाहून बराच वेळ न निघालेला आकडा शोधावा व ‘आता हाच निघेल काय?’ असे विचारावे. अनेक मुले होकार देतील. चिठ्ठी दर वेळी परत मडक्यात जाते व सर्व दहा चिठ्ठ्या पुन्हा सारख्याच होतात, हे ध्यानात आणून द्यावे. मडक्यास आठवण नसते. मागील आकड्यांचे तक्ते मांडून उद्याचा आकडा काढणारे लोक असतात. त्यांचा सारा उद्योग येथे फोल ठरतो.

दुसरी गोष्ट : जिंकलेला पैसा घरी येत नाही, तो पुन्हा लावला जातो. दर फेरीस दहावा भाग कापला गेल्यास १०० चे ९०, ९० चे ८१, ८१ चे सुमारे ७३ होतात, आणि सातव्या फेरीअखेर निम्म्याहूनही कमी उरतात. शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण घ्यावे.

तिसरी गोष्ट : गेलेला पैसा परत मिळविण्यासाठी दुप्पट लावण्याची खोड. दुप्पट देणाऱ्या खेळात दहा रुपयांपासून आरंभ केला व सलग सहा वेळा हार झाली, तर १० + २० + ४० + ८० + १६० + ३२० मिळून ६३० रुपये गेले. सातव्या वेळी ६४० रुपये लावावयाचे, ते अखेर दहा रुपये मिळविण्यासाठी. घरे बुडतात ती बहुधा या पायरीवर.

मुलांचे प्रश्न

‘लॉटरी तर सरकारची असते, मग ती चालते कशी?’ हा प्रश्न येईलच. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने राज्य लॉटरी सुरू केली, आणि १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या लॉटऱ्यांस नियम घालून दिले. जुगाराचा अड्डा चालविणे व तेथे खेळणे हा मात्र १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा ठरला. एक कायदेशीर व दुसरा बेकायदा, हा भेद खरा आहे. तो मुलांस सरळ सांगावा. परंतु परडीचा हिशेब दोहोंकडे सारखाच. तिकिटांतून जमलेल्या रकमेहून बक्षिसांची रक्कम कमीच असते.

‘दिवाळीत पाडव्याला खेळतातच ना?’ कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असे नाव आहे, हे खरे. पण त्याच परंपरेत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्तही आहे. त्यात एक जुगारी स्वतःचीच दुर्दशा सांगतो : पत्नी दुरावली, घरचे विटले, तरी फाशांचा आवाज ऐकताच पाय तिकडे वळतात. अखेर त्याला फासे टाकून आपले शेत कसण्याचा सल्ला मिळतो. इतक्या प्राचीन काळीही हे व्यसन लोकांनी ओळखले होते.

‘मोबाइलवरचा खेळ म्हणजेही जुगारच काय?’ पैसे लावून पैसे मिळण्याची आशा असेल, तर होय. मटक्यास उघडण्या-मिटण्याची वेळ तरी होती. मोबाइलवरील अड्डा रात्रंदिवस उघडा असतो, आणि पैसा हातातून न जाता पडद्यावरील आकड्यांतून जातो म्हणून गेल्याचे दुःखही उशिरा होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे म्हणविले जावोत, चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली. शिक्षा चालविणाऱ्यास सांगितली आहे, खेळणाऱ्यास नाही. हा भेद पालकांसही सांगावा, म्हणजे मदत मागण्यास ते भिणार नाहीत.

घराची बाजू

या पाठात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘कोणाचे वडील खेळतात?’ असे वर्गात कधीही विचारू नये. एखाद्या मुलाने आपण होऊन सांगितले, तर ते तेथेच वाढवू न देता तासानंतर एकटे भेटून शांतपणे ऐकावे. वही-पेन्सिलीस पैसे नाहीत, ऊस जाऊनही घरात तंटा आहे, मूल गप्प झाले आहे किंवा मित्रांकडे पैसे मागते आहे, अशा खुणांची कारणे अनेक असू शकतात. जुगार हे त्यांतील एक. अनुमान काढण्याची घाई करू नये.

पालकाशी बोलावयाचे ते चावडीवर किंवा सभेत नव्हे, एकांतात. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या अकराव्या आवृत्तीत, व्यसनी वर्तनाच्या विकारांत नोंदलेला विकार आहे. धर्मराज मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. तरी त्याला डाव सोडून उठता आले नाही. तेव्हा ‘जुगारी’ म्हणून हिणविल्याने माणूस सुधारत नाही, लपून खेळू लागतो. घरच्यांनी त्याचे कर्ज मुकाट्याने पुनःपुन्हा फेडू नये, रोख रक्कम व खाते काही काळ दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या हाती द्यावे, आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मनःस्वास्थ्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य व अहोरात्र बोलता येते. कर्जाच्या ओझ्याने कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर ती पोकळ धमकी समजू नये. त्यास एकटे न सोडता ताबडतोब ही मदत मागावी. मुलासच धोका असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत. म्हणजे कोणास विचारावे न लागता ते ज्याचे त्यास मिळतील.

शिक्षकाचे स्वतःचे आचरण हाही या पाठाचा भाग आहे. मधल्या सुटीत गुरुजींच्या मोबाइलवर पैशांची रमी दिसली, तर फळ्यावरील सारा हिशेब पुसला गेला असे समजावे.

उजळणीचे प्रश्न

१. वरील खेळाच्या आणखी १० सोडती केल्यास मुलांकडे एकूण किती चिंचोके उरतील?
२. २० सोडतींत किमान किती वेळा जिंकल्यास मुलाचे चिंचोके आरंभाहून अधिक होतील?
३. एक मनुष्य रोज २० रुपये जुगारात घालवितो. वर्षाचे ३६५ दिवस धरल्यास किती रुपये गेले? त्या रकमेत आपल्या घरी काय काय आणता आले असते, याची यादी करा.
४. मटकेवाल्याने नऊऐवजी दहा चिंचोके दिले असते, तर परडीत काय उरले असते? मग त्याने हा खेळ चालविला असता काय? कारण सांगा.

(उत्तरे : १. १७०. २. तीन वेळा. ३. ७,३०० रुपये. ४. काहीच नाही. हे कारण प्रत्येक मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. तसे झाले म्हणजे पाठ पोहोचला असे समजावे.)