पित्ताची पिशवी कधी काढावी, कधी नाही?

आपल्या बीड जिल्ह्यात ‘पिशवी काढली’ म्हटले की गर्भाशयच डोळ्यांपुढे येते. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशये काढली गेली. त्यावर ओरड झाली आणि २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणून आज नेकनूरच्या एखाद्या बाईला ‘पित्ताची पिशवी काढावी लागेल’ असे सांगितले, की घरात पहिली शंका येते ती फसवणुकीची. शंका घेणे गैर नाही. पण एक जन्मजात दोष असा आहे, की त्यात ही पिशवी वेळेवर काढणेच शहाणपणाचे असते. तो दोष आपण समजून घेऊ.

दोन नळ्या, एक दार

छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. ते असते जठरातले आम्ल. खरे पित्त यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होते. यकृताखाली उजव्या बाजूला पित्ताची पिशवी असते. तीत पित्त साठते आणि जेवणानंतर नळीवाटे आतड्यात उतरते. जठरामागच्या स्वादुपिंडातूनही अन्न पचवणारा रस दुसऱ्या नळीने आतड्याकडे येतो. या दोन्ही नळ्या आतड्याच्या भिंतीत एकत्र येतात. तेथे स्नायूंचे एक दार असते. ते दोन्ही रस आतड्यात सोडते, एकमेकांच्या नळीत जाऊ देत नाही.

काही थोड्या जणांत गर्भातच या नळ्या भिंतीच्या बाहेर, अलीकडेच जोडल्या जातात. मग दाराचा ताबा राहत नाही. स्वादुपिंडाच्या रसाचा दाब जास्त असल्याने तो उलटा पित्ताच्या नळीत आणि पिशवीत चढतो. पिशवीत तो साचून राहतो. अन्न पचवणारा हा रस पिशवीचे आतले अस्तर सोलत राहतो. अस्तर पुन्हा भरते, पुन्हा सोलते. असे वर्षानुवर्षे चालले की पेशी बिघडतात आणि कर्करोग होऊ शकतो. अशा रुग्णांत कर्करोग तुलनेने कमी वयात होतो, आणि पिशवीत खडे नसतानाही होतो. जपानमध्ये या दोषाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे.

दोन प्रकार, दोन उपचार

काहींत या दोषाबरोबर पित्तनळी फुग्यासारखी फुगते. हे मुलांपेक्षा मुलींत जास्त दिसते. पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बाजूला गाठ ही त्याची लक्षणे, पण तिन्ही एकदम क्वचितच दिसतात. अशा वेळी फुगलेली नळी आणि पिशवी दोन्ही काढून आतडे वरच्या नळीला जोडतात. पूर्वी फुगा तसाच ठेवून फक्त आतड्याला जोडत. त्या उरलेल्या फुग्यात पुढे कर्करोग झालेला दिसल्याने ती पद्धत सोडून देण्यात आली.

काहींत नळी फुगत नाही. तेव्हा कर्करोगाचा मुख्य धोका पिशवीला असतो, म्हणून त्रास नसला तरी ती काढण्याचा सल्ला देतात. दोन्ही प्रकारांत ऑपरेशननंतरही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते.

साध्या खड्यांचे काय?

हा जन्मदोष विरळा आहे. खडे मात्र पुष्कळांना असतात, त्यातही बायांना जास्त. पित्ताशयाचा कर्करोग झालेल्या बहुतेकांना खडे असतात हे खरे. पण खडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही हेही तितकेच खरे. त्रास न देणारे लहान खडे सोनोग्राफीत दिसले, म्हणून लगेच पोट उघडायचे कारण नाही. वारंवार कळा येत असतील, खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा पिशवीत एक सेंटिमीटर वा त्याहून मोठा मस असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

काय विचारावे?

१. पिशवी का काढायची? खडे, मस की नळीचा दोष? कारण कागदावर लिहून घ्या.

२. नळी फुगलेली आहे का? हे सोनोग्राफीत दिसते. पण दोन नळ्या कुठे जुळतात ते साध्या सोनोग्राफीत सहसा कळत नाही. त्यासाठी एमआरसीपी नावाची, एमआरआय यंत्रावरची तपासणी लागते. तीत चिरफाड नाही.

३. काढलेली पिशवी तपासणीला पाठवणार का? खडे डबीत घालून घरच्यांना दाखवतात, पण पिशवी पॅथॉलॉजीकडे जाणे त्याहून महत्त्वाचे. काही वेळा कर्करोग तेथेच पहिल्यांदा कळतो. तो अहवाल मागून घ्या.

थांबू नका

डोळे पिवळे होणे, लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज, थंडी वाजून ताप, कारण नसताना वजन उतरणे, ही लक्षणे दिसली तर मंत्राने किंवा झाडपाल्याने ‘कावीळ उतरवून’ घेण्यात दिवस घालवू नका. नळी अडली असेल तर ती मंत्राने मोकळी होत नाही. पित्ताशयाचा कर्करोग सुरुवातीला गप्प असतो. तो बोलायला लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

नेकनूरच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवा. पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा केजवरून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाचा संशय असल्यास बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय गाठता येते. खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

तोडीला जाण्याआधी तपासणी उरकून घ्या, ‘आल्यावर बघू’ म्हणू नका. अहवालांची फाईल गावात पेटीत न ठेवता बरोबर न्या. आणि ज्या बहिणीला वाचता येत नाही, तिला हे पान विहारात बसून वाचून दाखवा. पिशवी काढायची की नाही, हे तिने भीतीपोटी नव्हे, समजून ठरवावे.